हाकेच्या अंतरावरचं घर

(बीड जिल्ह्यातल्या पाली येथे एका शिक्षकाच्या स्मृतिदिनी झालेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



गुरुजींच्या शाळेबद्दल बोलणारे इथं पुष्कळ आहेत. मी त्यांच्या दाराबद्दल बोलणार आहे.

आमचं गाव इथून वर, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक यायचा. भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या आणि माणसं, सगळं त्यात चढायचं. आई-बाप कारखान्याला गेले की मी आणि धाकटी बहीण आजीपाशी राहायचो. आजीला दिवस मावळल्यावर दिसत नसे. मी नऊ वर्षांचा असेन, तेव्हा एका रात्री आजीला धाप लागली. तोंडातून शब्द फुटेना. बहीण रडायला लागली. मी बाहेर पळालो आणि गल्लीत उभा राहिलो.

आमच्या घरापासून पहिलं दार भावकीचं होतं. त्यांच्याशी बांधावरून वाद होता, आणि त्या दाराला जायचं नाही हे मला पाजून ठेवलेलं होतं. दुसऱ्या घरात दारू चालायची. तिसऱ्या दाराला मी कधी गेलोच नव्हतो. ती तिन्ही दारं ओलांडून, अंधारातून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून मी गावाच्या पार टोकाला गुरुजींच्या घरी गेलो. का गेलो? कारण गुरुजींनी ट्रक जायच्या आधी वर्गात एकेकाला उभं करून सांगितलं होतं, ''रात्री-अपरात्री काही झालं तर सरळ माझ्याकडं यायचं. कडी नुसती अडकवलेली असती. ढकलली की उघडती.''

त्या रात्री आजी वाचली. पण माझ्या मनात राहिलं आहे ते दुसरंच. त्या तिन्ही घरांत वाईट माणसं नव्हती. मी दार वाजवलं असतं तर तिघांपैकी कुणीही धावून आलं असतं, हे मला आज कळतं. नऊ वर्षांच्या पोराला ते ठाऊक नव्हतं. घाबरलेलं मूल चांगलं माणूस शोधत बसत नाही. त्याला आधी सांगून ठेवलेलं दार आठवतं, आणि तसं सांगितलेलंच नसेल तर ते गल्लीतच उभं राहतं. आजच्या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे. गावातली कोणती दारं मुलांसाठी उघडी आहेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवायचं कुणी?

आपल्या जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत माघारी येता येत नाही. पोरं बरोबर न्यावीत तर शाळा सुटते आणि फडावरच्या कोपीतला गारठा अंगावर निघतो. मागं ठेवावीत तर आजी-आजोबा थकलेले. सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली, ती गावातच चालतात, आणि त्यांनी अनेक मुलांची शाळा वाचवली हे मी कृतज्ञतेनं सांगतो. पण बऱ्याच ठिकाणी मुलं तिथं दोन वेळ जेवतात आणि निजायला आजीकडे जातात. भुकेची सोय झाली. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंतची सोय तशीच राहिली.

आता मुलींचं बोलतो. हे बोलताना मला जड जातं, कारण ही माझ्या घरातलीही गोष्ट आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ चव्वेचाळीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. राज्याचा आकडा बावीसच्या आसपास होता. राज्याच्या दुप्पट आपण! याची कारणं पुष्कळ सांगतात आणि ती खरी आहेत. गरिबी आहे, हुंडा आहे. लग्न झालं की पोरीचाही एक कोयता होतो आणि उचल वाढते, हेही आहे. पण मी ज्या बापांशी बोललो, त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य वेगळंच आलं. ''पोरगी तेरा वर्षांची झाली. सहा महिने कुणाच्या भरवशावर ठिवू?''

या प्रश्नाला आपण भाषणानं उत्तर देतो. कायदा सांगतो, शिकवा म्हणतो. बाप मान हलवतो आणि दिवाळीच्या आत मुलीचं लग्न उरकतो, कारण त्याच्या प्रश्नात फक्त 'कुणाच्या' हा एकच शब्द होता आणि आपण त्याला एकही नाव सांगितलेलं नसतं. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला कळलं, पोलीस आले, लग्न थांबलं. हमीपत्र लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला, आणि मुलगी त्याच घरात, त्याच डोळ्यांनी अधू आजीपाशी. लग्न थांबवलं ते चांगलंच झालं. पण बापाची भीती खोटी नव्हती, आणि ती तशीच उरली.

पालीत उभा राहून हे बोलायचं आणखी एक कारण आहे. तुमच्या गावच्या शिवारात, बिंदुसरेच्या पाण्याजवळ, दत्ता आणि संध्या बारगजे यांनी उभं केलेलं 'इन्फंट इंडिया'चं काम आहे. एचआयव्ही घेऊन जन्माला आलेली, आई-बाप गमावलेली मुलं तिथं वाढली. दत्ताभाऊ आरोग्य खात्यातले प्रयोगशाळा तंत्रज्ञ. रक्ताच्या नमुन्याचा निकाल कागदावर लिहिला की तंत्रज्ञाचं काम संपतं. त्या कागदामागच्या मुलाचं पुढं काय होतं, हे बघायला हे दोघं गेले, म्हणून पालीचं नाव आज महाराष्ट्रात आदरानं घेतात. आपल्याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 'शांतिवन' सुरू केलं. गेवराईला संतोष गर्जे यांनी २००४ साली 'सहारा' काढलं. त्यामागं स्वतःच्या बहिणीचा मृत्यू होता, तिच्या मागं राहिलेली मुलगी होती. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या या जिल्ह्यानं अनाथ मुलांसाठी जेवढी घरं उभी केली, त्याचा मला अभिमान आहे.

पण अशा संस्थेत मूल येऊन पोहोचतं, तेव्हा त्याच्या मागं किती दारं बंद झालेली असतात, याचा कधी हिशेब मांडला आहे का आपण? एचआयव्ही एका ताटात जेवल्यानं होत नाही, कडेवर घेतल्यानं होत नाही, एका बाकावर बसल्यानं होत नाही. सरकारी एआरटी केंद्रात औषध फुकट मिळतं आणि ते नेमानं घेणारं मूल शिकतं, खेळतं, मोठं होतं, नोकरी करतं. तरी चुलता म्हणतो आमच्यात नको, मामा म्हणतो घरात लहान पोरं आहेत, शेजारी भांडं वेगळं ठेवतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी अशाच मुलांसाठी 'सेवालय' काढलं, तेव्हा गावातल्या पालकांनी या मुलांबरोबर आपली मुलं शाळेत बसवायला नकार दिला होता. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आता असा भेदभाव करू देत नाही. पण चुलत्यानं मनाची कडी काढायची की नाही, हे कायद्याच्या हाती नाही. संस्था हे शेवटचं दार आहे. मधल्या गल्लीतली सगळी दारं बंद झाली म्हणून ते उघडावं लागलं.

गल्लीतलं पहिलं दार उघडं ठेवायची गोष्ट आपल्याकडं नवी नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवा बाई गरोदर राहिली की तिला दोनच वाटा होत्या, एक विहिरीची आणि दुसरी पोटच्या पोराच्या गळ्याला नख लावायची. जोतीरावांनी मनात दया धरली आणि ते थांबले, असं झालं नाही. त्यांनी जाहिराती लिहून गल्लीबोळांत लावल्या, की इथं या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथं येऊन गेल्या, असं त्यांनीच नोंदवलं आहे. तिथंच जन्मलेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो पुढं डॉक्टर झालेला यशवंत. मला या कथेत त्या भिंतीवरच्या जाहिराती फार मोलाच्या वाटतात. पुण्यात त्याही वेळी दयाळू घरं असतीलच. पण अडलेल्या बाईला वाचता यावं, किमान कुणीतरी वाचून दाखवावं, असा पत्ता एकाच घरानं लावला होता.

जुन्या काळची वार लावून जेवायची रीतही आठवते. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं मिळून एक मूल शिकवायची. त्या रीतीत जात होती, बहुतेक मुलांना त्या पंगतीत जागा नव्हती, हे झाकून ठेवायचं नाही. पण सात घरांनी एक ओझं वाटून घ्यायचं, आणि कोणत्या दिवशी कुठं जायचं हे मुलाला पाठ असायचं, ही त्यातली रचना उचलण्यासारखी आहे.

परदेशात हीच गोष्ट शिस्तीत बांधली गेली. कॅनडात १९६८ साली ओंटारिओ प्रांतातल्या लंडन नावाच्या शहरात 'ब्लॉक पेरेंट' ही योजना सुरू झाली. ब्लॉक म्हणजे आपली गल्ली, आणि हे गल्लीचे आईबाप. स्वयंसेवक घराला लाल-पांढरी पाटी मिळायची, ती खिडकीत लावायची. कुणी मागं लागलं, कुत्रं चावलं, वाट चुकली, आजारी वाटलं, तर मुलानं ती पाटी बघून दार वाजवायचं. पाटी देण्याआधी त्या घरातल्या मोठ्या माणसांची पोलिसांकडून चौकशी व्हायची. घरात जबाबदार माणूस नसेल तेव्हा पाटी काढून ठेवायची. आणि त्या घरानं करायचं काय? मुलाला बसवायचं, धीर द्यायचा, फोन करायचा. गुंडामागं पळायचं नाही, मुलाला गाडीत घालून कुठं न्यायचं नाही. ऑस्ट्रेलियात १९७९ पासून अशीच 'सेफ्टी हाउस' घरं निघाली. जपानमध्ये पोलिसांचा क्रमांक ११० आहे, म्हणून तिथं या घरांना 'मुलांसाठी ११० क्रमांकाचं घर' म्हणतात. १९९६ मध्ये गिफू प्रांतातल्या कानी शहरात एका शाळेच्या पालकांपासून ते सुरू झालं. तिथं घरांबरोबर दुकानंही पाटी लावतात, पेट्रोलपंपही लावतात.

जपानची ही दुकानांची गोष्ट मला पालीसाठी फार पटते. तुमचं गाव धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचं. चोवीस तास वाहनं. घरापेक्षा पिठाची गिरणी, किराणा दुकान, पंक्चरवाला, रस्त्यावरचं हॉटेल, दवाखान्याची पायरी अधिक चांगली, कारण तिथं चार माणसांचे डोळे असतात.

चार माणसांचे डोळे का हवेत, ते आता सांगतो, आणि ते ऐकायला कडू आहे. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतो. पोक्सो कायद्याखाली नोंदलेल्या गुन्ह्यांचे राष्ट्रीय आकडे दर वर्षी हेच सांगतात, की नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. म्हणून ''आपल्या गावात सगळीच घरं चांगली'' या वाक्यावर मी मुलांची सुरक्षा सोपवणार नाही, आणि तुम्हीही सोपवू नका. घर चांगलं आहे की नाही, हे ठरवायला पद्धत लागते. गावात मान असणं पुरत नाही. उलट मानाच्या घराविरुद्ध पोर तोंड उघडत नाही, म्हणून तिथली चौकशी अधिक नीट व्हायला हवी. अगदी आमच्या गुरुजींच्या घराचीसुद्धा. ते असते तर त्यांनी स्वतः अर्ज भरला असता, ही माझी खात्री आहे.

तर अशा घराचं काम किती असावं? ओसरीइतकं. मूल आलं की ओसरीवर बसवायचं, आतल्या खोलीत न्यायचं नाही. शेजारचं आणखी एक माणूस हाक मारून बोलवायचं, त्यांत एक तरी बाई हवी. पाणी द्यायचं, काय झालं ते एकदाच विचारायचं, खोदून खोदून विचारायचं नाही. ते जे सांगेल त्यावर ''असं कसं होईल'' म्हणायचं नाही. मग फोन. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक १९९६ साली मुंबईत जेरू बिलिमोरिया यांच्या प्रयत्नातून सुरू झाला. आता तो शासन चालवतं आणि ११२ शी जोडलेला आहे. हा आकडा गावातल्या प्रत्येक मुलाला पाढ्यासारखा यायला हवा.

मूल ठेवून घ्यायचं नाही, हेही समजून घ्या. आपल्याकडं ''राहू द्या चार दिवस, आमच्यात कुठं जड होतंय'' म्हणायची चांगली सवय आहे. पण २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की निराधार, हरवलेलं किंवा सोडून दिलेलं मूल कुणाला आढळलं तर चोवीस तासांच्या आत कळवलं पाहिजे. १०९८ ला कळवा, पोलिसांना कळवा, बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. न कळवणं हा गुन्हा आहे. ही बालकल्याण समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री, आणि मुलाच्या बाबतीत तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार. मुलाला घरी पाठवायचं, नातेवाइकाकडे द्यायचं, की संस्थेत, हे ती ठरवते. हा नियम काही लोकांना जाच वाटतो. मला तो मुलाचं आणि त्या चांगल्या घराचंही रक्षण करणारा वाटतो. नोंद झालेल्या मुलाला कुणी विकू शकत नाही, आणि नोंद करणाऱ्या घरावर कुणी बालंट आणू शकत नाही.

हे सगळं बघणार कोण? त्यासाठी नवी समिती नको. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर गावोगाव आहे. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडीताई सचिव. सचिव ताई आहेत, हे मला आशेचं वाटतं, कारण कोणत्या घरातून ट्रक निघणार, कोणत्या आजीला दिसत नाही, कोणाची मुलगी यंदा तेराची झाली, हे ताईंना आणि आशाताईंना कुणीही न सांगता ठाऊक असतं. पण त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत हेही मी जाणतो. त्यांच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवून आपण घरी निघून जाणार असू, तर हे काम उभं राहणार नाही. वही गावातल्या शिकलेल्या पोरांनी लिहावी. ताईंनी फक्त नावं सांगावीत.

घरं निवडताना एक गोष्ट मी हात जोडून मागतो. गावठाणातली चार घरं निवडून थांबू नका. वस्तीवरचं, तांड्यावरचं, दलितवस्तीतलं, मुसलमान मोहल्ल्यातलं घर त्यात हवंच. ते हवं ते मुलाच्या पायासाठी. घाबरलेलं मूल जिथवर चालेल तिथवरच ते घर उपयोगी. आणि परक्या गल्लीतल्या दाराची पायरी चढायला त्याला आधीच मनाई झालेली असेल, तर शंभर पावलंसुद्धा त्याला फार होतात. मला माहीत आहे. मी तीन दारं ओलांडून गेलो होतो.

मुलांना सांगायचं कसं, हा शेवटचा भाग, आणि सर्वांत दुर्लक्षिलेला. पत्रक वाटून मुलांना काही कळत नाही. ट्रक निघायच्या आधीच्या आठवड्यात आई-बापानं मुलाचं बोट धरून त्या दारापर्यंत चालत जायचं. दिवसा एकदा, आणि दिवे लागल्यावर एकदा. कारण रात्री वाट वेगळी दिसते. त्या घरातल्या बाईनं मुलाचं नाव विचारायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा. मुलाच्या हातानं दार वाजवून घ्यायचं. एवढं झालं की ते दार त्याचं झालं. अशी तीन दारं झाली की बापाच्या त्या प्रश्नाला, 'कुणाच्या भरवशावर', आपल्याकडं तीन नावं तयार होतात. तीन नावांनी गावातली सगळी लग्नं थांबतील असं मी म्हणणार नाही. पण ज्या बापाला खरोखरच थांबायचं आहे, त्याच्या हाताला धरायला काहीतरी लागेल.

गुरुजींच्या पत्नी, आमच्या बाई, आज इथं पहिल्या ओळीत बसल्या आहेत. मघाशी मी त्यांना विचारलं, त्या हंगामांत किती पोरं रात्री येऊन गेली असतील? त्या म्हणाल्या, ''मोजली न्हाईत. पर भाकरी दोन जादा थापत होते.'' मग थांबून म्हणाल्या, ''तू आलास तवा तुझ्या पायात चप्पल नव्हती.''

दसऱ्याला अजून सहा आठवडे आहेत. मी आज मुक्कामाला इथंच आहे. उद्या सकाळी दहाला ज्यांना यायचं त्यांनी ग्रामपंचायतीत यावं. मी एक कोरी वही आणली आहे. ट्रक निघणार त्या घरांची नावं डाव्या पानावर लिहू, आणि दार द्यायला तयार असणाऱ्यांची उजव्या पानावर. त्यांची चौकशी कोणी आणि कशी करायची, हे तिथंच ठरवू. उजव्या पानावरची पहिली ओळ बाईंनी मघाशीच सांगून ठेवली आहे.